टेंडराच्या नोटिशींतील इतिहास

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानांवर बारीक अक्षरांत एक मजकूर नित्य छापलेला असतो. त्याचें शीर्षक असतें 'निविदा सूचना'. कोठें रस्त्याचें खडीकरण करावयाचें असतें, कोठें रुग्णालयास खाटा पाहिजे असतात, कोठें शाळांना बाकें हवीं असतात. हा मजकूर वाचण्याचे कष्ट बहुतेक वाचक घेत नाहींत. ज्यांच्या पोटापाण्याचा त्याच्याशीं संबंध आहे तेवढेच भिंग लावून तो वाचतात. परंतु इतिहासाची आवड असणारानें तो एकदां अवश्य वाचावा. त्यांतील बहुतेक प्रत्येक अटीमागें कोणता तरी जुना प्रसंग उभा असतो. कोणीं तरी सरकारास फसविलें, किंवा सरकारनें कोणास तरी फसविलें, किंवा दोघांनीं संगनमत करून कर देणाऱ्या प्रजेस फसविलें, आणि मग एक नवी अट लिहिली गेली. या अटींची कुळकथा आज आपण पाहणार आहों, आणि अलीकडच्या नियमांनीं सरकारास माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या स्थितींत काय फरक पडला आहे, याचाहि विचार करणार आहों.

सरकारच्या दारांत उभ्या राहणाऱ्या व्यापाऱ्यास तीन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. मला आंत येऊं देतील काय? आंत आल्यावर माझी निवड कोणत्या मापानें होईल? आणि काम पुरें केल्यावर माझे पैसे केव्हां मिळतील? गेल्या पावणेदोनशें वर्षांतील खरेदीचे सारे नियम ह्या तीन प्रश्नांभोंवतीं फिरत आले आहेत. नियम बदलले, खातीं बदललीं, राज्यहि बदललें. प्रश्न मात्र तेच राहिले.

सरकाराशीं ठराव करून एखादें काम किंवा वसूल अंगावर घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. मक्ता, इजारा, गुत्ता हे शब्द आपल्या दप्तरांत पुष्कळ जुने आहेत. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें परगण्यांचा वसूल चढ्या बोलीनें मक्त्यानें देण्याचा परिपाठ पाडला. जो अधिक रक्कम बोलेल त्यास मामलत मिळे. आणि बोललेली रक्कम भरून काढण्यासाठीं मक्तेदार रयतेस पिळून काढी. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें ही पद्धत मोडून काढली. मक्त्याची बोली चढती असते, कंत्राटाची बोली उतरती असते. एवढा भेद सोडला तर दोहोंचा धडा एकच आहे. केवळ आंकडा पाहून माणूस निवडला, तर त्या आंकड्याची भरपाई तो दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतो. मक्त्यांत ती रयतेकडून झाली. कंत्राटांत ती कोणाकडून होते, हें आतां पाहूं.

आधुनिक अर्थाचें मोठें कंत्राट आपल्या प्रांतांत आलें तें आगगाडीबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी खासगी होती खरी. परंतु तिच्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें घेतली होती. नफा झाला तर भागीदारांचा, तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरावयाची, असा तो व्यवहार. खर्च आटोक्यांत ठेवण्याची निकड त्यामुळें कोणासच फारशी राहिली नाहीं. बोरीबंदर ते ठाणें हें पहिलें काम फेव्हिएल व फाउलर या इंग्रज कंत्राटदारांस मिळालें, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं त्या मार्गावर पहिली गाडी धांवली.

पुढें बोरघाटाचें बिकट काम १८५५ मध्यें फेव्हिएल यानेंच घेतलें. सुमारें १५ मैलांची चढण, १८०० फुटांहून अधिक उंची आणि वाटेंत २५ बोगदे! मुख्य कंत्राटदाराच्या हाताखालीं पोटकंत्राटदार, त्याच्या हाताखालीं मुकादम, आणि सर्वांच्या खालीं सुरुंगाच्या धुरांत दगड फोडणारा मजूर, अशी तेथें उतरंड होती. पैसा वरून खालीं झिरपतां झिरपतां वाटेंतच आटत असे. मजुरी वेळेवर मिळत नाहीं म्हणून जानेवारी १८५९ मध्यें मजुरांचा असंतोष भडकून घाटांत दंगा झाला. त्याच वर्षीं फेव्हिएलनें काम सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला, तो थोड्याच आठवड्यांत आजारानें वारला. आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट सोडून न देतां १८६३ मध्यें तडीस नेलें. दंग्याची चौकशी झाल्यावर सरकारास १८६० मध्यें कायदा करावा लागला, आणि अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट निकालांत काढावे असें ठरलें. कंत्राट हा केवळ दोन सह्या करणारांमधील खासगी मामला नसून त्याच्या तळाशीं असलेल्या माणसाच्या मजुरीचीहि त्यांत जबाबदारी आहे, ही जाणीव आपल्याकडे येथून सुरू झाली असें म्हणावयास हरकत नाहीं. आजच्या निविदेंत किमान वेतनाची व भविष्यनिर्वाह निधीची जी अट असते, तिचें मूळ या घाटांत आहे.

मग एतद्देशीय कंत्राटदार कोठें होता? तो होता, परंतु दाराशीं. मोठ्या कामास मोठें भांडवल आणि पूर्वीचा अनुभव लागे; आणि जें काम देशांत पूर्वीं झालेंच नव्हतें त्याचा अनुभव येथील माणसाजवळ कोठून असावा? तरीहि ठाण्यापुढील मार्गावर जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थानें अनेक कामें उत्तम प्रकारें करून दाखविलीं, आणि हिंदी माणसास काम दिल्यास तें बुडत नाहीं हें सिद्ध केलें. महात्मा जोतीराव फुले यांचें नांव आपण समाजसुधारक म्हणून घेतों, पण ते व्यवसायानें कंत्राटदारहि होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामास त्यांनीं माल पुरविला. तेच फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठीं लोकांच्या पैशांतून खर्च करण्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला होता. सार्वजनिक पैशाची किंमत ज्यास दोन्ही बाजूंनीं कळली होती असा हा माणूस होता.

पुढील पिढींत शेठ वालचंद हिराचंद आले. त्यांच्यापाशीं पत होती, अनुभव नव्हता. आणि त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक यांच्यापाशीं रेल्वेच्या कामाचा अनुभव होता, भांडवल नव्हतें. दोघांनीं मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा तुकड्यापासून प्रारंभ केला. पुढें ज्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचीं सूत्रें वालचंदांच्या हातीं आलीं, तिनें याच बोरघाटांतील नव्या मार्गाचे बोगदे खोदले. इंग्रज कंत्राटदारावांचून जें काम होणार नाहीं असें एके काळीं मानलें जाई, तें पाऊणशें वर्षांच्या आंत येथील माणसानें केलें. परंतु त्यासाठीं त्यास प्रथम एक लहान काम मिळावें लागलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आजच्या नियमांचा विचार करतांना ती पुन्हां उपयोगी पडेल.

कामाची ही कथा. मालाची कथा याहून कठीण होती. सरकारास लागणारे रूळ, यंत्रें, पूल आणि इतर कितीतरी सामान लंडन येथील इंडिया ऑफिसच्या खरेदीखात्यामार्फत येत असे. टेंडरें लंडनमध्यें निघत, दर पौंड-शिलिंगांत द्यावे लागत, तपासणीहि तेथेंच होई. नागपूर किंवा कलकत्ता येथील कारखानदारानें त्यांत भाग घ्यावा तरी कसा? नियमाच्या पुस्तकांत देशी मालास मनाई लिहिलेली नव्हती. पण दरवाजाच सहा हजार मैल दूर बांधलेला होता. स्वदेशीच्या चळवळींत आपण परदेशी कापडाच्या होळ्यांची आठवण काढतों. परंतु 'सरकारनें आपली खरेदी देशांत करावी' ही मागणी त्याच चळवळीचें दुसरें अंग होती, आणि कारखानदारीच्या दृष्टीनें तिचें मोल मोठें होतें.

त्याचें एक उदाहरण देतों. १९०७ मध्यें टाटांच्या पोलादाच्या कंपनीची स्थापना झाली. भागभांडवल देणारापुढें पहिला प्रश्न हाच कीं, एवढें पोलाद घेणार कोण? तेव्हां सरकारनें दहा वर्षेंपर्यंत दरसाल २०,००० टन रूळ आयात मालाच्या भावानें घेण्याचें अभिवचन दिलें होतें. अट एवढीच कीं, माल ठरल्या प्रतीचा असावा. यांत दान नव्हतें, सवलतीचा भावहि नव्हता. होती ती गिऱ्हाइकाची खात्री. तेवढ्या आधारावर धीर धरतां आला. १९१६ ते १९१८ या काळांत सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक कमिशन बसलें. पंडित मदनमोहन मालवीय यांनीं त्याच्या अहवालास आपली भिन्नमतपत्रिका जोडली ती प्रसिद्धच आहे. हिंदुस्थानांत खरेदीचें स्वतंत्र खातें असावें, ही त्या कमिशनची शिफारस होती. त्याप्रमाणें १९२२ मध्यें इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघालें. आणि १९३१ पासून टेंडरें हिंदुस्थानांत, रुपयांत आणि येथें माल पोंचविण्याच्या बोलीनें मागविण्याचा नियम लागू झाला. पौंडाऐवजीं रुपया हा शब्द घालणें ही वरवर कारकुनी दुरुस्ती दिसते. परंतु तिनें दरवाजा लंडनहून उचलून दिल्लीस आणिला.

स्वराज्य आल्यावर प्रवेशाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. निवडीचा प्रश्न पुढें आला. खर्चाचे सामान्य नियम १९४७ मध्यें एकत्र छापले गेले आणि १९६३, २००५ व २०१७ या वर्षीं ते नव्यानें बांधण्यात आले. १९६४ मध्यें, संथानम् समितीच्या शिफारशीवरून, केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. अधिकाऱ्याच्या मर्जीस वाव राहूं नये म्हणून सर्वांत कमी दराच्या बोलीस काम द्यावें, हा दंडक दृढ झाला. दंडक सोपा, हिशेबास सरळ, आणि चौकशी आल्यास अधिकाऱ्याचें रक्षण करणारा.

त्यांतील वैगुण्य मात्र व्यवहारांत लौकर दिसून येतें. एका शाळेंत बाकांच्या खरेदीसाठीं तीन दरपत्रकें आलीं होतीं, तीं मीं स्वतः पाहिलीं आहेत. तिन्ही दुकानें निराळीं, तिन्ही शिक्के निराळे, आणि हस्ताक्षर मात्र एकाच माणसाचें! नियम अक्षरशः पाळला गेला होता. बाकें दुसऱ्या पावसाळ्यांतच डुगडुगूं लागलीं. मक्त्याची भरपाई रयतेनें केली होती; येथें ती मुलांच्या पाठीनें केली.

निवडीचा न्याय कसा असावा, हें सांगणारा एक महत्त्वाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९७९ मध्यें दिला. प्रकरण मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाचें होतें. निविदेच्या सूचनेंत, बोली लावणारा नोंदलेला हॉटेलचालक असावा आणि त्यास किमान पांच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. आणि काम दिलें गेलें तें ही अट पुरी न करणाऱ्यास. रमण दयाराम शेट्टी यांच्या अर्जावर न्यायमूर्ति भगवती यांनीं असें ठरविलें कीं, सरकारनें स्वतः जें माप जाहीर केलें, त्या मापानें सरकारहि बांधलेलें आहे. मनास येईल तेव्हां तें बाजूस ठेवतां येणार नाहीं. अर्जदाराच्या पदरीं मात्र कांहीं पडलें नाहीं. अर्जास झालेला उशीर आणि ज्यास काम मिळालें त्यानें दरम्यान केलेला खर्च, हीं कारणें आड आलीं. तत्त्व जिंकलें आणि अर्जदार हरला. पण त्या तत्त्वाचा आधार पुढें असंख्य लहान व्यापाऱ्यांस मिळाला.

आतां अलीकडच्या नियमांकडे येऊं. २०१२ मध्यें सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीं खरेदीचें धोरण आलें. केंद्र सरकारच्या खात्यांनीं व उपक्रमांनीं आपल्या वार्षिक खरेदीपैकीं शेंकडा २० अशा उद्योगांकडून करावी असें त्यांत होतें. २०१९ पासून हें प्रमाण शेंकडा २५ झालें. ३५८ वस्तु त्यांच्यासाठीं राखून ठेविल्या गेल्या आणि बयाण्याच्या रकमेची माफीहि मिळाली. लहान कारखानदाराचा दर सर्वांत कमी दरापेक्षां शेंकडा १५ पर्यंत अधिक असेल, तर त्यास खालच्या दरावर येऊन ठराविक हिस्सा पुरविण्याची संधि मिळते. २०१७ मध्यें देशांत तयार झालेल्या मालास अग्रक्रम देण्याचा हुकूम निघाला, आणि २०२० मध्यें २०० कोटि रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठीं जागतिक निविदा मागवूं नये असें ठरलें. १९३१ च्या रुपया-टेंडराचींच हीं नातवंडें होत. इतिहासाची गंमत अशी कीं, २४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटनशीं जो व्यापारी करार झाला, त्यांत सरकारी खरेदीचें प्रकरण असून केंद्र सरकारच्या कांहीं खरेदींत ब्रिटिश कंपन्यांस बोली लावण्याची वाट ठेविलेली आहे. एके काळीं टेंडर लंडनला जात असे. आतां लंडनचा व्यापारी दिल्लीच्या टेंडरास, आपल्या अटींवर, येणार. दोहोंत महदंतर आहे. तरी येथील कारखानदारानें जागें राहावें हें बरें.

दुसरा मोठा पालट यंत्राचा आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजीं 'गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस' ही संगणकावरील बाजारपेठ सुरू झाली, आणि १९२२ च्या खात्याचा वारस असलेलें पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं बंद झालें. त्या बाजारांत जी वस्तु मिळते ती केंद्राच्या खात्यांनीं तेथूनच घ्यावी, असा नियम झाला. पूर्वीं निविदेचा कोरा फॉर्म विकत घेण्यासाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आज कोल्हापूरचा किंवा इचलकरंजीचा उत्पादक घरीं बसून दिल्लीच्या कचेरीस दर कळवूं शकतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याबरोबर 'उलटा लिलाव' म्हणून एक प्रकार आला आहे. पडद्यावर दर उतरत जातो, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत एकमेकांच्या खालीं जाण्याची चढाओढ चालते. ज्यानें आपला खर्च कागदावर नीट मांडलेला नाहीं, तो या ओढींत काम जिंकतो आणि दुकान हरतो. बाजीरावाच्या लिलावांत बोलणारे चढत्या बोलीनें बुडत, येथें उतरत्या बोलीनें बुडतात.

सरकारच्याहि हें ध्यानांत आलें असावें. २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत केंद्रीय अर्थखात्यानें, गुणवत्तेस महत्त्व असलेल्या कांहीं कामांत केवळ दर न पाहतां गुणांसहि शेंकडा ३० पर्यंत वजन देण्याची मुभा दिली. मात्र गुण देणारा माणूसच असतो, हें विसरतां कामा नये. दराचा आंकडा लबाडी करतो ती उघड असते. गुणांची लबाडी झांकलेली असते. म्हणून गुण कसे दिले जातील हें आधीं जाहीर करणें आणि दिलेले गुण नंतर उघड करणें, ह्या दोन गोष्टींवांचून ती मुभा धोक्याची ठरेल.

अनुभवाच्या अटीचें मात्र अद्याप कोडेंच आहे. अंदाजित रकमेच्या शेंकडा ८० इतकें एक, किंवा शेंकडा ४० इतकीं तीन तत्सम कामें पूर्वीं केलेलीं असावीं, अशा धर्तीची अट मोठ्या बांधकामांत असते. बुडव्या कंत्राटदारास दूर ठेवण्यासाठीं ती हवीच. पण जेथें लहान कामें एकत्र बांधून एकच मोठें काम काढतात, तेथें नवख्या माणसास पहिली पायरीच उरत नाहीं. फाटक-वालचंदांस बार्शीकडील लहान तुकडा मिळाला नसता, तर बोरघाटापर्यंत ते पोंचले असते काय? कामाचे तुकडे योग्य आकाराचे पाडणें हें इंजिनियराचें काम वाटतें, परंतु उद्यांचा कंत्राटदार त्यांतूनच जन्मास येतो.

उरला तिसरा प्रश्न, पैशाचा. लहान व्यापाऱ्याच्या जिवाशीं खरी गांठ येथेंच आहे. २००६ च्या कायद्यानें सूक्ष्म व लघु उद्योगांचें देणें फार तर ४५ दिवसांत चुकतें करावें असें सांगितलें, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज ठरविलें. वर सांगितलेल्या २०२१ च्या सूचनांत, बांधकामाचें चालू बिल सादर झाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत निदान तीन-चतुर्थांश रक्कम द्यावी असेंहि आहे. कायदा चोख आहे. पण ज्या गिऱ्हाइकाकडे पुढच्या वर्षीं पुन्हां जावयाचें, त्याच्याकडे व्याजाची फिर्याद घेऊन जाण्याची छाती किती जणांची होते? तो गप्प राहतो, सावकाराकडून किंवा बँकेकडून पैसे उचलतो, आणि त्या व्याजाचा बोजा पुढील टेंडराच्या दरांत मिळवितो. म्हणजे उशिराचें व्याज अखेर सरकारच, तुमच्या-आमच्या करांतून, देतें. फक्त तें कोणत्याहि हिशेबांत व्याज म्हणून दिसत नाहीं. आणि ज्यास दरांत मिळवितां येत नाहीं, तो आपल्या मजुरास थांबवितो. १८५९ मध्यें बोरघाटांत हेंच झालें होतें.

यावरून माझें मत असें झालें आहे कीं, सरकारी खरेदींतील सुधारणेची खरी कसोटी प्रवेशाच्या वा निवडीच्या नियमांत नसून पैसे चुकते करण्याच्या तारखेंत आहे. दार उघडें आहे, निवड निर्मळ आहे, आणि पैसे वर्षानें मिळतात, अशी स्थिति असेल तर त्या दारांतून ज्याच्या गांठीं वर्षभर थांबण्याइतकें भांडवल आहे तोच आंत जाईल. लहान माणसासाठीं राखलेला चतुर्थांश हिस्सा कागदावरच राहील. १८६० च्या कायद्यानें तंट्याचा झटपट निकाल मजुरास देऊं केला. तसाच, व्यापाऱ्यानें न मागतां व्याज आपोआप त्याच्या खात्यांत जमा होण्याची तजवीज आज यंत्राच्या साह्यानें करतां येण्यासारखी आहे. ज्या बाजारास दर मिनिटाचा उतरता दर मोजतां येतो, त्यास उशिराचे दिवस मोजतां येऊं नयेत, असें नाहीं.

आपण सर्वजण व्यापारी नाहीं. परंतु आपण सर्वजण त्या मोठ्या गिऱ्हाइकाचे भागीदार आहों. आपल्या नगरपालिकेनें काढलेली एखादी निविदा सूचना वाचून पाहावी. काम कोणास मिळालें, किती दरानें मिळालें, आणि बिल केव्हां चुकतें झालें, एवढे तीन प्रश्न आपल्या प्रतिनिधीस विचारावे. पुण्याच्या नगरपालिकेंत एकाच सभासदानें विरोधाचा हात वर केला होता, त्यास आतां जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं. प्रश्न विचारण्यास बहुमत लागत नाहीं. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.